बाकावर बसवलेला फिरकीवाला

चूक माझीच होती. दुसऱ्या क्लबाने बाजूला टाकलेला गोलंदाज मी हट्टाने निवडला आणि अख्खा मोसम बाकावर बसवून ठेवला.

आमच्या बडोद्याच्या क्रिकेट स्पर्धेत एका क्लबाने यादीत न ठेवलेला खेळाडू दुसरा क्लब घेऊ शकतो. मात्र त्याला मोसमभर मुख्य संघात ठेवावं लागतं, नाहीतर परत द्यायचा. शहराजवळच्या छाणी भागात एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवणारा हा तिशीतला डावखुरा फिरकीवाला मी असाच घेतला. दांडिया बाजारातल्या आमच्या क्लबाचे सेक्रेटरी हसले, "कोचसाहेब, दुसऱ्यांचं उष्टं कशाला?"

निवडताना मी कुणाला घाबरलो नाही, खेळवताना घाबरलो. त्याला मार पडला तर माझं हसं होईल, म्हणून नियमापुरता संघात ठेवला. तो प्रत्येक सामन्याला रजा टाकून यायचा आणि इतरांना पाणी द्यायचा.

शेवटच्या सामन्याआधी सेक्रेटरी म्हणाले, "आता परत देऊन टाका त्याला."

"आज तो खेळेल," मी म्हणालो. "पटत नसेल तर कोच बदला."

त्याला सांगितलं, तर म्हणाला, "मग पाणी कोण देणार, सर?"

"मी देईन."

त्याला पहिल्याच षटकात दोन षटकार बसले. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. तरी मी त्याला पूर्ण षटकं टाकू दिली. त्याने तीन बळी घेतले, आणि आम्ही हरलो. आजही मी त्यालाच निवडेन.

सामन्यानंतर सगळ्यांसमोर पाण्याची बाटली त्याच्या हातात देऊन मी म्हणालो, "भित्रा मी होतो आणि वर्ष तुझं गेलं. मला माफ कर."