वही घेऊन विचारलेला प्रश्न

नागपूरजवळच्या एका नगरपरिषदेत मी अभियंता आहे. कर्ज काढून व्यापारी संकुल बांधायचं ठरलं, तेव्हा गाळ्यांना मागणी आहे का हे पाहायचं काम माझ्याकडे आलं. आठवडी बाजारात वही घेऊन फिरलो, प्रत्येकाला विचारलं, "गाळा घेणार का?" सगळे हो म्हणाले. तसा अहवाल दिला आणि कर्ज मंजूर झालं. आज बहुतेक शटर बंद आहेत. भाजीवाल्या त्याच इमारतीच्या पायऱ्यांवर बसतात.

त्यांच्यातल्या एका म्हातारीला मी विचारलं, "मावशी, तेव्हा हो काहून म्हटलं?"

ती हसली. "सायेब वही घेऊन उभा! नाही म्हटलं असतं त बाजारात बसू देलं असतं का आमाले?"

तिची जागा आमच्याच हातात होती, हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं. चूक माझीच.

आता दुसऱ्या संकुलाचा प्रस्ताव आलाय. या वेळी मी कुणालाच विचारलं नाही. बंद शटर पाहिली आणि 'मागणी नाही' असं लिहिलं. पहिला अहवाल चुकीचा होता आणि तो माझाच होता, हेही खाली लिहून सही केली. हा कागद वाचून कुणी कर्ज काढणार नाही.