फक्कीचं घर

उल्हासनगरच्या ऑफिसात तुळशीने ट्रेसिंग पेपरवर किती बिल्डिंगी उतरवल्या, त्याला गणती नव्हती. कोपऱ्यातल्या चौकटीत नाव मात्र कायम आर्किटेक्ट शरदचंद्र सरांचं. १९९१ साली तिच्या गावच्या, चामटोलीच्या कोंडाजीकाकांनी स्लॅबचं घर बांधायचं काढलं, तेव्हा तिने ते काम सरांकडे मागून घेतलं.

सर हसले. "लोक राहायला जातात आणि आठवड्यात भिंत फोडतात. तुझ्या घराला कुणी छिन्नी लावली नाही, तर पुढच्या नकाशावर तुझं नाव. लावली, तर ट्रेसिंग आहेच."

तुळशीने मन लावून नकाशा काढला. काका-काकींपुढे उलगडला, तर दोघं नुसतीच मान हलवत राहिली. ती होकाराची मान नव्हती, कागदावरचं घर त्यांना दिसतच नव्हतं, हे तिला कळलं. मग तिने चुन्याची फक्की आणली आणि भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात अख्खं घर खऱ्या मापाने आखलं.

"काकी, चल, राहून बघ."

बनूबाईकाकी पदर खोचून रेघांच्या घरात शिरली. ओटा झाला, चूल झाली. आतल्या खोलीच्या दाराशी मात्र ती दोन्ही हात फाकवून थबकली.

"अगो तुळशे, भाताची कणगी आत जायाची कशी? का तिला बाहेरच बसवू, पावणीसारखी?"

बांधावरचा नाथा गवंडी खो खो हसला. "शहरातलं दार हाय ते, काकी! तिकडं तांदूळ पिशवीतनं येतो!"

तुळशीचे कान तापले. चामटोलीत वाढलेली ती. तिने नकाशात पलंग काढला होता, लोखंडी कपाट काढलं होतं, आणि कणगी विसरली होती.

तिने चपलेने रेघ पुसली. "काकी, हात तसेच धर." काकीच्या या बोटांपासून त्या बोटांपर्यंत तिने टेप लावला. दार दोन फळ्यांचं झालं. नकाशात पलंगाशेजारी एक मोठं वर्तुळ आलं.

वैशाखात वास्तुशांत झाली. सर आले. जेवणं उरकल्यावर चौघांनी शेणाने सारवलेली कणगी उचलली. दाराशी आणली. दोन्ही फळ्या उघडल्या आणि कणगी सरळ आत गेली, चौकटीला डागही न लावता.

"काकी, पावणी घरात आली!" नाथा ओरडला. काकीने कणगीला कुंकू लावलं आणि तेच बोट तुळशीच्या कपाळावर टेकवलं.

दिवाळी आली तरी त्या घराला छिन्नी लागली नव्हती. सरांनी जांभूळ गावच्या एका घराचं काम तुळशीपुढे ठेवलं. कोपऱ्यातली चौकट कोरी होती.

"तूच लिही."

तिने सावकाश लिहिलं: तुळशी चांगो भोईर. शाई वाळेपर्यंत थांबली. मग जांभूळला जायला उठली. खांद्यावरच्या पिशवीत फक्की होती.