भावाच्या मनगटावरचं घड्याळ

मावसभावाने मनगटावरून घड्याळ काढून माझ्या वडिलांच्या हातात दिलं. वडिलांनी ते तळहातावर वरखाली केलं आणि हसले.

"प्लॅस्टिकचां काय रे ह्यां?"

"नाय काका. टायटॅनियम."

आमच्या भांडुपच्या दोन खोल्यांत हा शब्द फक्त मला ठाऊक होता. मी जवळच्याच एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग माझ्या टेबलावर यायचा, मी तो मोजायचो आणि पास किंवा रद्द करायचो. टायटॅनियमबद्दल मी वाचलं होतं. पोलादाच्या तोडीचं मजबूत, वजनाला जवळजवळ निम्मं, खाऱ्या पाण्याने न गंजणारं. हात मात्र कधी लावला नव्हता. आणि ते आता दहावीला दोनदा बसलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या हातावर होतं.

तो माझ्या मावशीचा मुलगा, माझ्याहून एका वर्षाने लहान. त्याचे वडील लवकर गेले म्हणून मावशीने त्याला मालवणहून आमच्याकडे शिकायला पाठवलं. एका ताटात जेवलो, एका गोधडीत झोपलो. अभ्यास मला यायचा, पाणी त्याला. पवईच्या तलावात मगरी आहेत हे माहीत असूनही तो उडी मारायचा आणि मी काठावर त्याचे कपडे सांभाळत बसायचो. मला पोहता येत नव्हतं. पुढे हेच पाणी त्याच्या कामी आलं. समुद्रातल्या तेलविहिरींचे पाइप जोडणाऱ्या एका कंपनीत तो पाणबुड्या झाला. महिनाभर समुद्रावर, महिनाभर घरी. त्याच्या एका महिन्याच्या पगारात माझे चार महिने बसायचे. हे कोणी बोलून दाखवत नसे, पण आई त्याच्या पानात माशाची मोठी तुकडी घालायला लागली होती.

घड्याळ आणलं ते साल त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी असेल. "परदेशी साहेब होता, जाताना देऊन गेला," एवढंच तो म्हणाला. माझा विश्वास बसला नाही. कोण कोणाला असं घड्याळ देतं? चोरबाजारातून उचललं असणार किंवा नकली असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तसं ठरवल्यावर दोन दिवस बरं वाटलं.

त्याच सुमारास मला घाटकोपरला एक मुलगी सांगून आली. बघायला जायच्या सकाळी वडील माझ्याकडे पाहून म्हणाले, "त्याचां घड्याळ घाल. जरा बरां दिसात."

माझ्या हातावर पगारातून घेतलेलं साधं चावीचं घड्याळ होतं. मी काही बोलायच्या आत भावाने आपलं काढून माझ्या मनगटावर चढवलंसुद्धा. "घाल रे दादा. झकास दिसतंय."

ते घातलं आणि हातात काही आहे असंच वाटेना. पोलादी पट्टा सकाळी गार लागतो, हा लागला नाही. राखाडी, बिनचकाकीचं, कुठेही मिरवत नसलेलं. वर मिनिटांच्या खुणांचं फिरतं कडं होतं, ते फिरवलं की बारीक टकटक व्हायची. रिक्षात मी ते कडं सारखं फिरवत होतो. आपल्याकडेच असायला हवं होतं, असं तेव्हा मला पहिल्यांदा स्पष्ट वाटलं.

मुलीच्या वडिलांचं लक्ष गेलंच. "हे पाणबुड्यांचं घड्याळ ना? तुम्ही समुद्रात जाता?"

माझे वडील खोकले. मी म्हणालो, "अधूनमधून."

का म्हणालो, कोण जाणे. मुलगी समोर बसली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग खाली. दोन दिवसांनी होकार आला आणि चार महिन्यांत लग्न झालं.

लग्नात भाऊ समुद्रावर होता. पुढच्या महिन्यात तो घरी आला तेव्हा बायकोने ते घड्याळ त्याच्या हातावर पाहिलं. मला काहीच विचारलं नाही, हे जास्त लागलं. उलट ती त्याच्याशीच बोलायला लागली.

"भावोजी, खाली काय दिसतं हो?"

"वहिनी, खरं सांगू? काही नाही. चिखल. हाताने चाचपत काम करायचं. हे बघ, उतरताना हे कडं असं फिरवून ठेवायचं, म्हणजे किती मिनिटं झाली ते कळतं."

तिने कडं फिरवून पाहिलं आणि हसली. मी दारात चहाचा कप घेऊन उभा होतो. माझ्याशी ती असं हसली नव्हती, असं मला वाटलं. आज सांगतो, ते खोटं होतं. माझ्याशीही ती हसायची. पण तेव्हा माझे डोळे फक्त त्या मनगटावर होते. मला वाटायला लागलं, हिने लग्न घड्याळाशी केलं आणि घड्याळ आता मालकाकडे परत गेलं आहे.

मग भावाला ताप आला. दोन दिवस तो पांघरूण घेऊन पडून होता आणि घड्याळ फळीवर, देवांच्या तसबिरीशेजारी. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना मी ते उचललं आणि खिशात घातलं. कोणाला विचारलं नाही.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत विभाग रिकामा झाल्यावर मी घड्याळ पालथं केलं. मागच्या झाकणाला खाचा होत्या. मोजमापाच्या कॅलिपरची दोन टोकं त्या खाचांत अडकवली आणि फिरवली. मला आत डोकावायचं होतं. आत स्वस्तातलं यंत्र निघावं, सगळं थोतांड निघावं, एवढीच इच्छा होती. एकदा टोक घसरलं आणि झाकणावर ओरखडा उठला. दुसऱ्यांदा झाकण सुटलं.

आतलं यंत्र मी आजही विसरलो नाही. इतकं नीट, इतकं स्वच्छ काम मी कधी पाहिलं नव्हतं. एकही कड खरबरीत नाही, एकही खूण वाकडी नाही. रोज दुसऱ्यांचे दोष शोधणारा मी, मला त्यात एक दोष सापडला नाही. अस्सल होतं.

घाईघाईने झाकण लावताना आतली पाणी अडवणारी रबराची बारीक कडी जागेवरून सरकली. मी नखाने दाबून बसवली. ती नीट बसली नाही, हे मला कळलं होतं. कळलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. असा भाग माझ्या टेबलावर आला असता तर मी तो तिथल्या तिथे रद्द केला असता. मी झाकण आवळलं, घड्याळ खिशात टाकलं आणि संध्याकाळी होतं तिथे ठेवून दिलं.

आठवड्याने भाऊ बरा होऊन समुद्रावर गेला. सांगायला हवं होतं. "घड्याळ पाण्यात नेऊ नको," एवढे चार शब्द पुरले असते. पण मग का, हे सांगावं लागलं असतं. शिवाय, ते बिघडलं तर बिघडू दे, असंही मनात होतं. जास्तीत जास्त काय, काचेवर वाफ धरेल, डौल उतरेल. त्याला काही होईल हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

महिना भरायच्या आधीच एका दुपारी टॅक्सी दारात उभी राहिली. त्याच्याबरोबर काम करणारा एक पाणबुड्या त्याला धरून घेऊन आला होता. भावाचा उजवा हात गळ्यात बांधलेला. घड्याळ डाव्या हातावर, काचेच्या आत पाण्याचा थेंब, काटे थांबलेले.

काय झालं ते त्या सोबत्याने सांगितलं. खोलातून वर येताना ठरलेल्या वेळी निघावं लागतं, टप्प्याटप्प्याने थांबत यावं लागतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. वेळ वरची माणसं ठेवतात आणि फोनवर सांगतात. त्या दिवशी फोन बंद पडला आणि इशाऱ्याची दोरी पाइपाला अडकली. भावाने गढूळ पाण्यात दोनदा घड्याळ पाहिलं. दोन्ही वेळा बरीच मिनिटं शिल्लक दिसली. हा सोबती खाली उतरून त्याला घेऊन आला, तोवर खूप उशीर झाला होता. पुढचा दीड दिवस त्याला हवा दाबलेल्या लोखंडी कोठीत ठेवावं लागलं. जीव वाचला, पण खांद्यात दुखणं राहिलं. डॉक्टरांनी सहा महिने पाण्यात उतरायला बंदी केली.

"असं घड्याळ बंद पडत नाही हो," तो सोबती वडिलांना म्हणाला. "ह्याला ते असंच नाही मिळालं. साहेबाची हवेची नळी खाली अडकली होती, ह्याने सोडवली. साहेब जाताना स्वतःच्या हातावरचं काढून देऊन गेला. सांगितलं नाही का ह्याने?"

आई रडायला लागली. भाऊ म्हणाला, "असूं दे गो मावशी." मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तसाच उभा राहिलो. लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली तेच जुनं जळणं तसंच होतं. माझ्या आयुष्यात मी कोणाची नळी सोडवली होती?

घड्याळ दुरुस्तीला न्यायचं मीच म्हटलं. मुलुंडला एका जुन्या घड्याळजीकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावलं, झाकण पाहिलं. "आधी उघडलंय कोणीतरी. अडाणी माणसाने. कडी चिमटली आहे, बघा."

मी मान हलवली आणि घड्याळ तसंच परत घेऊन आलो.

त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. सुरुवात घाटकोपरपासून केली. ती भाजी निवडत ऐकत होती.

"तुमचं नव्हतं ते मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "सारखं मनगटावरून खाली घसरत होतं आणि तुम्ही सारखे त्याच्याकडे बघत होता. स्वतःच्या घड्याळाकडे कोणी असं बघत नाही."

"मग हो का म्हणालीस?"

"वडिलांनी पगार विचारला तो तुम्ही खरा सांगितलात. कमी होता तरी." तिने भाजीची परात बाजूला केली. "पण हे तुम्ही भावोजींना सांगा. आज. मी नाही सांगणार."

भाऊ गॅलरीत बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तो रागावेल, मारेल, असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, "का रे दादा?"

"जळत होतो तुझ्यावर."

"माझ्यावर?" त्याला खरंच नवल वाटलं. "मी लहानपणापासून तुझी पुस्तकं घेऊन नापास होत आलो. माझ्यावर कसला जळतोस?"

तो दुखरा खांदा चोळत बसला. मग म्हणाला, "तू एकदा बोलला असतास, तर मी ते काढून तुला दिलं असतं. आता तसं म्हणवत नाही."

दुसऱ्या दिवशी तो त्याच्या आईकडे मालवणला गेला. घड्याळ फळीवर सोडून गेला. आईने कारण विचारलं तेव्हा मी तिलाही सांगितलं, वडिलांनाही. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी ते घड्याळ त्याच घड्याळजीकडून नीट करून घेतलं. आणि मग घातलं. हे सांगायला नको वाटतं, पण घातलं. पट्ट्याच्या दोन कड्या काढून मनगटापुरता करून घेतला आणि अकरा दिवस कामावर घालून गेलो. लोकांनी विचारलं, मी दाखवलं. दहाव्या-अकराव्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा माणूस कागद भरताभरता माझ्या हाताकडे बघत असलेला मला दिसला. तोंडाने हसत होता, डोळे हसत नव्हते. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला शब्दन् शब्द ठाऊक होतं. मी बाही खाली ओढली. घरी जाऊन घड्याळ काढलं, त्या दोन कड्या परत बसवल्या.

सहा महिन्यांनी भाऊ मुंबईला परतला, पण आमच्याकडे आला नाही. दहिसरला जकात नाक्याच्या अलीकडे त्याने खोली घेतली. एका रविवारी मी घड्याळ घेऊन गेलो. त्याने दार उघडलं, आत ये म्हणाला, स्टोव्हवर चहा टाकला. मी घड्याळ रुमालातून काढून पुढे ठेवलं.

"चालतंय?"

"चालतंय. कडी नवी घातली आहे. पाण्यात नेण्याआधी तू दुसऱ्या कोणाकडून तपासून घे. माझ्या शब्दावर जाऊ नको."

त्याने ते उलटं करून ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मनगटावर घातलं नाही, कपाटात ठेवलं. मग वहिनीची चौकशी केली. तिला दिवस गेले आहेत म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला, मग तो लगेच सावरला. चहा झाल्यावर तो मला रिक्षापर्यंत सोडायला आला.

"मावशीला सांग, गणपतीला तुमच्याकडे येईन," तो म्हणाला.

तो आला. त्या वर्षी आणि पुढेही. पाण्यात परत उतरला, मोठ्या हुद्द्यावर गेला. एकमेकांच्या घरी जेवलो, पण एका ताटात पुन्हा बसलो नाही. माझं जळणं गेलं का, तर नाही. त्याच्याकडे नवं काही आलं की आजही मी आधी गप्प होतो. आता फरक एवढाच की तेवढ्या वेळात मी हात खिशात घालून ठेवतो आणि मग, थोड्या उशिराने का होईना, त्याला विचारतो, "कुठून आणलंस रे?"