छातीवर बापाचं नाव

ऐंशीच्या दशकात नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात मी ट्रेसर होतो. इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेली ड्रॉइंगं शाईने गिरवायची, एवढंच काम. अक्षर मात्र मोत्यासारखं होतं आणि त्याची घमेंडही तेवढीच.

एकदा जपानहून मशीन आलं. ते बसवायला तिकडचा एक इंजिनिअर पंधरा दिवस येणार होता. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "त्याला हाक मारता यावी म्हणून शेडमधल्या सगळ्यांची नावं जपानीत लिहा. छातीवर लावू."

परदेशी नावांसाठी त्यांची काताकाना म्हणून वेगळी लिपी असते. तिचा तक्ता मशीनच्या कागदांबरोबर आला होता. अक्षरं दोन-चार रेघांची, टोकदार. माझ्या हाताला लगेच बसली. त्यांच्याकडे ‘ल’ नाही, ‘ळ’चं तर विचारूच नका. जोडाक्षर आलं की मध्ये स्वर घालून मोकळं करायचं. दोन दिवसांत बत्तीस पट्ट्या तयार झाल्या. नावं हजेरीपत्रकावरून जशीच्या तशी घेतली होती: आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, शेवटी वडिलांचं.

इंजिनिअर आला तो एकेकाची पट्टी वाचत, कमरेत वाकत हाका मारू लागला. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी आमचे म्हातारे फिटर म्हणाले, "हा तर माझ्या बापाला बोलावतोय. तो जाऊन वीस वर्षं झाली."

झालं होतं असं, की जपानात आडनाव आधी असलं तरी परदेशी माणसाचं शेवटी असतं, हे तो शिकून आला होता. म्हणून शेवटचं नाव घेऊन पुढे आदराचं ‘सान’. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. इथे शहाणे दोघं होतो, तो आणि मी.

मी पट्ट्या बदलायला निघालो तर त्या फिटरांनीच अडवलं. "राहू द्या. आमच्या बापाला गावात कधी कुणी ‘अहो’ म्हटलं नाय. इथं साहेब वाकून बोलावतोय." मग सगळ्यांनाच ते पटलं. जेवणाच्या सुट्टीत आम्हीही एकमेकांना तशाच हाका मारून हसायचो.

मला मात्र त्यात मोकळेपणी हसता येत नव्हतं. वडिलांशी मी दोन वर्षं बोललो नव्हतो. पंचवटीच्या बाजारात त्यांचं भाजीचं दुकान. नोकरी धरली तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्याच्या रेघा गिरवून पोट भरणार?" मी मुळातच तिरसट. "तुमच्या मेथीपेक्षा बरं," म्हणालो आणि अंबडला खोली घेतली. आता त्यांच्याच नावाने दिवसातून दहादा हाक येत होती. पहिल्या दिवशी राग आला. चौथ्या दिवशी त्यांची आठवण यायला लागली. निरोप घेताना इंजिनिअरने वाकून ते नाव घेतलं तेव्हा माझे डोळे भरून आले.

तसाच सायकलवर बसून पंचवटी गाठली. वडील कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारत होते. मी छातीवरची पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"काय हे?"

"जपानीत नाव आहे. शेवटचं तुमचं."

"माझं नाव तुझ्या छातीवर कशाला?"

"पंधरा दिवस तो साहेब मला त्याच नावाने बोलवत होता."

"आणि तू?"

"ओ देत होतो."

 त्यांनी पट्टी धोतराला पुसून तागडीमागच्या खिळ्याला अडकवली आणि पुन्हा जुड्यांकडे वळले. दोन गिऱ्हाईकं आली, गेली. मग मान वर न करता त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि मेथीची पाटी आत घ्यायला सांगितलं.

मी ओ दिली.