टाकी दोनदा धुवायची

भांडी घासताना साबणाचा थेंब पडला की पाण्यावरचा तेलाचा तवंग झटकन फाकतो. तेव्हा मला आमच्या द्राक्षबागेजवळचा ओढा आठवतो.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. फवारणी आटोपून हे म्हणाले, "टाकी दोनदा धू. आज दोन औषधं नि वर स्टीकर हाय. काही उरलं तर उद्या वेलींना चटका बसंल."

स्टीकर म्हणजे औषध पानभर पसरवणारं, साबणासारखं पाणी. मी टाकी ओढ्यात विसळली. पाण्यावर काडीसारख्या पायांचे किडे पळत होते. पळता पळताच ते एकेक करून बुडाले.

का बुडाले, ते आज कळतं: स्टीकरनं पाण्यावरचा ताण मोडला, त्यांच्या पायांना आधारच उरला नाही. तेव्हा मी जरा वेळ बघत राहिले. मग टाकी दुसऱ्यांदा धुतली.