नंदीपाशी बस

आईची दृष्टी गेली तेव्हा माझा देवाशी अबोलाच झाला होता. जन्मभर त्याच्यासमोर निरांजन ओवाळणाऱ्या बाईच्या डोळ्यांत त्याने असा अंधार करावा, हे मला पटेचना. पण आईचं आपलं एकच, "मला एकदा नाशिकला गंगेवर ने." शेवटी कार्तिकात आम्ही दोघी निफाडहून निघालो.

रामकुंडावर स्नान झालं. मग तिला धरून धरून कपालेश्वराच्या पायऱ्या चढवल्या. घरी न्यायचा गंगाजळाचा गडू कथलाने झाळून बंद करून घ्यायचा होता, आणि तांबट आळी पडली नदीपलीकडे. आईचे पाय भरून आले होते. देवळाच्या दारात तिला म्हटलं, "आत चाचपत जा आणि नंदीपाशी बस. मी आलेच." महादेवाचं देऊळ म्हटल्यावर नंदी असणारच, त्यात विचारायचं काय!

पलीकडच्या आळ्या पाहण्यात मी रमले, खोटं कशाला बोलू? तांबटांच्या हातोड्यांचा ठणठणाट, सराफांच्या पेढ्या, आणि कुठल्याही बोळातून उतरा, पुढे नदीच. गडू घेऊन परतले तर आई नाही. देवळातली गुरवीण म्हणाली, "त्या आंधळ्या आजी ना? नंदी कुठाय, नंदी कुठाय करत होत्या. अहो, या महादेवापुढे नंदी नसतोच! नाशकात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लेकीने चुकीच्या देवळात सोडलं म्हणाल्या आणि मी वळेपर्यंत उतरल्यासुद्धा."

मी तशीच पायऱ्या उतरले. खाली शेवाळलेला घाट आणि घाटाला लागून पाणी. कुंडाभोवती हाका मारत फिरले, न्हाणाऱ्यांना विचारलं. पाण्यात लुगड्याचा पदर दिसला की धावत जाऊन पाही. मग अबोला कसला न काय! भर घाटावर हात जोडले, "डोळे नेलेस ते नेलेस, आई तेवढी दे रे बाबा." आमची आई महाहट्टी. नंदी सापडल्याशिवाय ती थांबायची नाही, हे तेव्हा कुठे डोक्यात आलं. नंदी असलेलं देऊळ विचारत मी घाटाने धावत सुटले.

लोकांनी दाखवलेल्या देवळाबाहेर उन्हात, डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक बाई उभी होती. मला पाहताच म्हणाली, "आजीला हुडकताय ना? आत हायेत, नंदीपाशी. आमाला आत येऊ देत नाय, म्हून हितंच थांबले. एकल्या उतरल्या तर पडतील." अस्पृश्य म्हणून देवळाची दारं ज्यांना बंद, त्यांतली ती. त्या वर्षांत नाशकात देवळांच्या याच बंद दारांवरून सत्याग्रहाचं रान पेटलं होतं. ती जरा मागे सरली. "पाण्याकडंच चालल्या व्हत्या, म्हून हात धरला बाई. पुन्यांदा न्हाऊ घाला त्यांना."

आई नंदीच्या पाठीवर हात ठेवून निवांत बसली होती. तिला मिठी मारून मी ओक्साबोक्शी रडले. "अगं, मी काय हरवले होते की काय!" असं वर तिनेच मला सुनावलं. बाहेर आल्यावर तिने हात पुढे केला तो माझ्याकडे नाही. "पोरी, आहेस ना गं? दे हात, घाट उतरायचाय."

बाईने घाबरून माझ्याकडे पाहिलं. देवाकडे मी आई मागितली होती, आणि त्याने ती याच हाताने दिली होती. शरण जायचं तर त्याचा हात आपण निवडायचा नसतो, एवढं मला त्या दारात कळलं. मी पुढे होऊन तिच्या डोक्यावरचा भारा उतरवला आणि माझ्या डोक्यावर घेतला.

आई पुन्हा न्हाली नाही. त्या बाईचा हात धरून, पोरंबाळं किती, राहतेस कुठे, अशा चौकशा करत ती पुढे चालली होती. भारा चांगलाच जड होता.