अक्काचं जेवण

अक्का कुणासोबत जेवायला बसत नसे. लग्न होऊन मी उचगावच्या घरात आले, त्या दिवशी माझ्या ताटात तूप वाढत ती म्हणाली, "माझं झालंय की. तू जेव गं पोटभर." महानंदा, माझी थोरली जाऊ. निपाणीकडची, म्हणून सगळे तिला तिकडच्या रीतीनं अक्काच म्हणत. तिच्या हातच्या झुणक्यासाठी पाहुणे मुक्काम वाढवत. तिला जेवताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

मुलगी जाड म्हणून एका स्थळानं तिला नाकारलं होतं. भाकरी थापता थापता तिनं मला हे हसत सांगितलं. "तवापास्नं पोटात अन्न ऱ्हायलं की जीव घाबरतोय बघ." ती दिवसभर उपाशी राही, मग भूक अनावर झाली की एकटीच भराभर खाई आणि ओकून टाकी. घरचे म्हणत, पित्त आहे. पुढं घसा सतत जळू लागला, दात झिजले, पोट साफ होईना. दोन घास भातानंही पोट दगडासारखं फुगे.

उलटीत रक्त दिसलं तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आजार आहे, खोड नव्हे. पोटाचं काम मंदावलंय. थोडं थोडं, पण रोज खायचं. मनाच्या डॉक्टरांकडेही जायचं."

बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "इतकी वरसं मी अन्नाला भ्याले. आता पोटच भ्यायलंय."

ती मनापासून उपचाराला लागली. माझ्यासमोर बसून पेज पिई, नंतर उठून जाऊ नये म्हणून माझा हात घट्ट धरून ठेवी. कळ आली की डोळ्यांत पाणी येई, पण पेज आत राही. एका दुपारी तिनं आपण होऊन अर्धी भाकरी मागितली. मला रडूच आलं.

मग भाचीच्या साखरपुड्यात कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "अक्का, अंग धरलंस की गं!" अक्का हसली. त्यानंतर तिनं माझ्यासमोर बसणं टाळलं. एका सकाळी ती मोरीपाशी पडलेली सापडली. शरीरातले क्षार घटले आणि हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

दिवसकार्याला तिच्या फोटोपुढं ताट वाढायचं होतं. सासूबाईंनी विचारलं, "तिला काय आवडत हुतं गं?"

स्वयंपाकघरात आम्ही साऱ्याजणी होतो. कुणालाच सांगता आलं नाही.